सिम्युलेटर घेताना पडद्याआधी पायाखाली बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवण्याबद्दल तुमचा लेख आला होता. आमच्या घरी तो दोनदा वाचला गेला, एकदा मी चहासोबत आणि एकदा माझ्या भाचीने मला फोटो काढून पाठवायला लावून. मराठी पेपरात या छंदाबद्दल चार ओळीसुद्धा कधी येत नाहीत त्यामुळे विषय घेतलात याबद्दल आधी आभार मानतो. पण लेखासोबत जो फोटो छापलाय ना, एक मुलगा गळ्यात पट्टा अडकवून दोन दांड्यांचा डबा हातात धरून बसलाय तो, तो या विषयाचा फोटोच नाही हो. तो रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा ट्रान्समीटर आहे.

तुम्ही म्हणाल फोटोचं काय एवढं. सांगतो. मॉडेल विमानांचे सिम्युलेटर वेगळे आणि माणूस आत बसतो त्या खऱ्या मापाच्या विमानांचे वेगळे, दोन्हीचं नाव मात्र फ्लाइट सिम्युलेटरच, आणि दुकानात हा घोळ रोज होतो. रिमोटवाल्या सिम्युलेटरमध्ये तुम्ही मैदानावर उभे असता आणि विमान समोर आकाशात असतं, ते लांब जाताना सगळं सरळ चालतं पण तुमच्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि तीच सवय डोक्यात बसवायला तो सिम्युलेटर असतो. मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो, तिथे बाल्साच्या लाकडाची मॉडेलं बनवली, पाडली, फेविकॉलने परत चिकटवली, त्यामुळे मला त्याचंही प्रेम आहे. पण ज्याला सेसनासारख्या छोट्या शिकाऊ विमानाच्या आत बसून उड्डाण शिकायचंय त्याला त्याचा काही उपयोग नाही.

मला स्वतःला एका दुकानदाराने फसवलं असं म्हणणार नाही, त्यालाही माहीत नव्हतं. "काका, हाच फ्लाइट सिम्युलेटर, सगळे हाच नेतात" म्हणून त्याने मला केबल आणि डब्यासकट रिमोटवाला दिला. घरी येऊन चालू केला तर मी गवतावर उभा. अर्धा तास मेनूमध्ये कॉकपिट शोधत होतो. बायको मागून म्हणाली, "अहो, विमान तर पलीकडे उडतंय, तुम्ही खाली काय करताय?" परत करायला गेलो तर सील फोडलं म्हणून पैसे मिळाले नाहीत. तर असं आहे, म्हणून तो फोटो बोचला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लेखातला बहुतेक मजकूर ग्राफिक्स कार्डाबद्दल होता, कुठलं कार्ड घेतलं की ढग कसे दिसतात, समुद्रावर सूर्य कसा चमकतो वगैरे. ते खोटं नाही. पण मी हा उद्योग २००६ पासून करतोय, मायक्रोसॉफ्टचा एफएसएक्स नावाचा सिम्युलेटर दोन डीव्हीडींवर यायचा तेव्हापासून, आणि एवढ्या वर्षांत माझं मत पक्कं होत गेलंय की माणसं सिम्युलेटर निवडताना चित्राला भुलतात आणि हातापायात काय येणार आहे ते शेवटी बघतात, तेही पैसे उरले तर. उरत नाहीतच.

थोडं मागचं सांगतो म्हणजे नवीन वाचकांना अंदाज येईल. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला, मूळ काम ब्रूस आर्टविक यांचं. त्या काळात आणि पुढे कितीतरी वर्षं गेम उघडला की विमान शिकागोच्या तळ्याकाठी मेग्ज फील्ड नावाच्या छोट्या विमानतळावर उभं असायचं. जगभरच्या लोकांनी पहिलं उड्डाण तिथून केलं, शिकागो कधी बघितलंही नसेल त्यांनी. मग २००३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर पाठवून ती धावपट्टी उखडून टाकली. खरं विमानतळ गेलं आणि जुन्या सीडीत तेवढं राहिलं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर उलटी गंमत आहे, एफएसएक्समध्ये नवी मुंबईचं विमानतळच नाही, उलव्याकडे गेलो की नुसती हिरवी-करडी जमीन दिसते.

तर आज घरी घ्यायचा म्हटला तर मुख्य तीन पर्याय. मायक्रोसॉफ्टचा नवा, म्हणजे २०२० चा किंवा नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला पुढचा. दुसरा एक्स-प्लेन, ज्याची बारावी आवृत्ती २०२२ च्या शेवटी आली. आणि तिसरा फ्लाइटगियर, जो पूर्ण फुकट आहे आणि १९९७ पासून जगभरचे हौशी लोक मिळून बनवतात. लढाऊ विमानांसाठी डीसीएस आहे पण तो वेगळा संसार आहे, त्यात शिरत नाही. लॉकहीड मार्टिनचा प्रिपेअर्ड (Prepar3D) पण आहे, त्याच्या लायसन्समध्येच लिहिलंय की हा करमणुकीसाठी नाही, तेव्हा घरी गंमत म्हणून घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मायक्रोसॉफ्टवाला दिसायला अफाट आहे. फ्रान्समधल्या बोर्डो गावच्या असोबो नावाच्या कंपनीने तो बनवलाय आणि उपग्रहाचे फोटो इंटरनेटवरून ओढत ओढत तो जमीन रंगवतो. मी पहिल्यांदा गंगापूर धरणावरून गेलो आणि पाण्याचा आकार ओळखू आला तेव्हा खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. पण "इंटरनेटवरून ओढत" हे शब्द नीट वाचा. आमच्याकडे संध्याकाळी सात ते नऊ नेट कासवासारखं चालतं, मग त्र्यंबकचे डोंगर वितळलेल्या आइस्क्रीमसारखे दिसतात आणि घरं मातीच्या ढिगाऱ्यांसारखी. २०२४ च्या आवृत्तीत तर विमानंसुद्धा बरीचशी तिकडून येतात, आणि ती बाजारात आली त्या दिवशी सर्व्हरवर एवढी गर्दी झाली की लोक तासन्‌तास लोडिंगच्या पट्टीकडे बघत बसले होते. ज्यांच्याकडे चांगलं फायबर आहे त्यांनी बिनधास्त घ्यावा. ज्यांचं नेट पावसाच्या दोन थेंबांत जातं त्यांनी विचार करावा.

एक्स-प्लेन बनवला ऑस्टिन मेयर या माणसाने. त्याची पद्धत अशी की पंखाचे, शेपटीचे, पंख्याच्या पात्यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावर हवेचा किती जोर पडतोय ते सेकंदाला कितीतरी वेळा मोजायचं आणि त्या बेरजेवरून विमान कसं हलेल ते ठरवायचं. जुने सिम्युलेटर तयार कोष्टकावर चालायचे, अमुक वेगाला अमुक उचल, असं. मायक्रोसॉफ्टने पण २०२० नंतर आपलं गणित बरंच सुधारलंय, त्यामुळे "एक्स-प्लेन म्हणजे खरं आणि मायक्रोसॉफ्ट म्हणजे खेळणं" हे जे जुने लोक अजून ऐकवतात ते मला आता पटत नाही. पण एक्स-प्लेनच्या तीन गोष्टी मला फार सोयीच्या वाटतात. तो विंडोजशिवाय मॅक आणि लिनक्सवरही चालतो. जमिनीचा डेटा डिस्कवर उतरवून ठेवता येतो म्हणजे नेट गेलं तरी उड्डाण चालू. आणि डेमो फुकट आहे, ठरावीक भागातच उडवता येतं पण आपल्या कॉम्प्युटरला झेपतोय का हे पैसे देण्याआधी कळतं. शिवाय त्यात सेसना १७२ जुन्या गोल घड्याळांची, म्हणजे काट्यांच्या मीटरची, आणि नव्या काचेच्या पडद्यांची अशी दोन्ही येते, आणि ज्याला पुढे फ्लाइंग स्कूलला जायचंय त्याने तिथल्या विमानात घड्याळं आहेत की पडदे ते आधी विचारून मग घरी तेच पॅनल लावावं. नाहीतर घरी एका जागी बघायची सवय आणि तिथे वेग भलत्याच कोपऱ्यात.

फ्लाइटगियर दिसायला साधा आहे, मेनू किचकट आहेत, पण त्यातली सेसना १७२ पी हातात घेऊन बघा. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी करता येते, कार्ब्युरेटरला बर्फ धरला तर इंजिन कुंथतं, आणि हे सगळं शून्य रुपयात. कॉलेजच्या पोरांच्या जुन्या लॅपटॉपवर पण ओढत ओढत चालतो. लेखात याचं नावसुद्धा नव्हतं.

निवड करताना मी एक चाचणी करतो ती सांगतो, ही कुणी शिकवलेली नाही, माझीच आहे. सेसना १७२ पुण्याला लोहगावच्या धावपट्टीवर उभी करायची, चारही सीटवर माणसं, टाकी भरलेली. हवामान हाताने लावायचं, आधी थंडीतली सकाळ, दहा अंश. उडायचं आणि किती धावपट्टी खाल्ली ते बघायचं. मग परत तिथेच उभं राहायचं आणि मे महिन्यातली दुपार लावायची, चाळीस अंश. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे, त्या उंचीवर पुस्तकातलं प्रमाण तापमान साधारण अकरा अंश, म्हणजे आपण एकोणतीस अंश जास्त गरम आहोत, अंशामागे एकशेवीस फूट धरले की जवळजवळ साडेतीन हजार फूट वरचे झाले. म्हणजे चाक पुण्याच्या डांबरावर आहे पण पंखाला आणि इंजिनाला वाटतंय आपण पाच हजार चारशे फुटांवरच्या विरळ हवेत आहोत. सिम्युलेटर खरा असेल तर दुपारी विमान धावतच राहतं, धावतच राहतं, उचललं तरी कुरकुरत चढतं आणि व्हर्टिकल स्पीडचा, म्हणजे वर चढण्याच्या वेगाचा, काटा बघून पोटात गोळा येतो. आणि जर सकाळी-दुपारी सारखंच भुर्रकन उडालं तर ढग कितीही सुंदर असू देत, ते विमान नुसतं चित्र आहे. बरेचदा दोष सिम्युलेटरचा नसतो, त्या एका विमानाचा असतो, कारण विमानं वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली असतात, म्हणून विकतचं विमान घेण्याआधी पण हीच चाचणी करा.

आता पायाखालचं.

माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, बारावीनंतर फ्लाइंग स्कूलला जायचं म्हणून वर्षभर माझ्याकडे येऊन सिम्युलेटरवर बसायची. मी तिला साधा जॉयस्टिक दिला होता, दांडीच पिळली की रडर (शेपटीवरची उभी फळी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी) हलतो तसला, तेव्हा मला साडेचार हजाराला पडला होता. ती काही दांडी पिळायची नाही. आणि गंमत म्हणजे तिचं काही अडायचंही नाही, कारण सिम्युलेटरच्या मदतीच्या सेटिंगमध्ये रडर आपोआप सांभाळण्याची सोय चालू होती, ती मीच कधीतरी पाहुण्यांच्या पोरांसाठी चालू केली होती आणि विसरलो. वर्षभर ती सेसना उडवत होती, सुंदर वळणं घ्यायची, लँडिंग पण लोण्यासारखं. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की पोरगी तयार आहे.

तिच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज उतरलेला. "मामा, टेक-ऑफला विमान डावीकडे पळालं. मला कळेचना काय करायचं. सरांनी पाय मारला म्हणून बरं."

झालं काय होतं, तर पंखा पायलटच्या बाजूने बघितला की उजवीकडे फिरतो, पूर्ण ताकद दिली आणि वेग कमी असला की त्याची हवा, त्याचा पीळ, सगळं मिळून नाक डावीकडे ओढतं, आणि ते सरळ ठेवायला उजव्या पायाने रडर दाबत राहावं लागतं. पंचावन्न नॉट्सला नाक उचलतो तोवर तो पाय काम करत असतो. तिच्या पायाला हे काम आहे हेच माहीत नव्हतं. हाताने स्टिअरिंगसारखं योक फिरवून ती विमान सरळ करायला बघत होती, जमिनीवर त्याने काहीच होत नाही. आणि दुसरी तक्रार सरांची अशी की ही मुलगी बाहेर बघतच नाही, डोळे सगळे घड्याळांवर. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्धं पॅनल वहीच्या पुठ्ठ्याने झाकून टाकलं आणि म्हणाले, आता क्षितिज बघून उडव. ती रडली होती त्या रात्री, ते मला खूप नंतर कळलं.

ही चूक तिची नव्हती, माझी होती. सतरा-अठरा वर्षं सिम्युलेटर उडवणाऱ्या माणसाने ते एक सेटिंग बघू नये म्हणजे काय. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी हेच सांगतो, मदतीच्या सगळ्या सोयी बंद करा, आणि रडर पेडल घ्या. काही सिम्युलेटरमध्ये तर रडरला काहीच यंत्र जोडलेलं नसेल तर तो गुपचूप स्वतःच रडर सांभाळून घेतो, तुम्हाला सांगतही नाही. पेडल लावली की ते सोंग सुटतं. पहिल्या दिवशी धावपट्टीवर दारुड्यासारखे नागमोडी जाल, जाऊ द्या. हवेत वळताना पॅनलवरच्या त्या काचेच्या नळीतला बॉल मधोमध ठेवायला शिका, बॉल उजवीकडे सरकला की उजवा पाय, डावीकडे सरकला की डावा. धावपट्टीकडच्या शेवटच्या वळणात माणसं जास्त रडर मारून विमान ओढून वळवतात, वेग आधीच कमी असतो आणि तिथेच गिरकी खाऊन पडतात, खऱ्या अपघातांत हे पुन्हा पुन्हा दिसतं. ते घरी शंभर वेळा करून बघता येतं, पाडून बघता येतं. पण पाय असले तर.

पेडलमध्ये थ्रस्टमास्टरची आहेत, लॉजिटेकची आहेत, महाग हवीत तर त्याला अंत नाही. माझी साधीच आहेत. खाली जुनं पायपुसणं घातलंय आणि मागे भिंतीला लाकडी फळी टेकवलीय, नाहीतर फरशीवर ती घसरत पुढे जातात आणि आपण खुर्चीवरून निम्मे खाली. चाकं असलेली ऑफिसची खुर्ची घेऊ नका, ब्रेक दाबला की खुर्चीच मागे जाते, घरातली साधी लाकडी खुर्ची बरी.

जॉयस्टिक की योक हा वाद लेखात पण होता. सेसना उडवायची तर योक, एअरबसचं वेड असेल तर साइडस्टिक, एवढं सोपं आहे ते. पण योक घेताना तो किती फिरतो ते विचारा, जुने स्वस्तातले नव्वद अंशच फिरतात, हनीकोंबचा अल्फा एकशेऐंशी अंश फिरतो पण तो महाग पडतो आणि बरेचदा मिळतच नाही. जॉयस्टिकमध्ये आत घासून चालणारा पोटेन्शियोमीटर आहे की चुंबकाचा हॉल सेन्सर ते बघा. आमच्या नाशिकच्या धुळीत पोटेन्शियोमीटरवाली दांडी दोन वर्षांत थरथरायला लागते, हात लावला नाही तरी विमान नाक हलवतं, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारत बसायचं. थ्रस्टमास्टरच्या टी-१६००० मध्ये चुंबक आहे, माझी पाच वर्षं चाललीय.

एक गोष्ट मात्र घरची साधी यंत्रं नीट देत नाहीत, ती म्हणजे हाताला लागणारा जोर. खऱ्या विमानात वेग वाढला की योक जड होतो, कमी झाला की सैल पडतो, आणि ट्रिम म्हणजे हातावरचं ते ओझं उतरवणं. स्प्रिंगच्या जॉयस्टिकला वेग कळत नाही, तो कायम तसाच. त्यामुळे घरी ट्रिम शिकलेलं तिथे थोडं विसरावं लागतं. भाचीला विचारलं तर ती म्हणते, "मामा, खरं ट्रिम लावलं ना की असं वाटतं कुणीतरी हातातली पिशवी घेतली." मी एवढी वर्षं सिम्युलेटर उडवूनही मला असं सांगता आलं नसतं.

पडद्याबद्दल पण एक सांगायचंय, पण ग्राफिक्स कार्डाबद्दल नाही. विमानतळाभोवती चौकोनी फेरी मारताना धावपट्टी तुमच्या डाव्या खांद्यामागे असते आणि तिकडे मान वळवून बघूनच ठरवायचं असतं की आता वळायचं. एका मॉनिटरवर ती दिसतच नाही, मग लोक बटण दाबून कॅमेरा फिरवतात आणि तेवढ्यात विमान दुसरीकडे. यावर तीन मॉनिटर, व्हीआर असे महागडे उपाय आहेत, पण साध्या वेबकॅमवर ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तुम्ही मान थोडी वळवली की कॉकपिटमधलं डोकं जास्त वळतं. दोन दिवस गरगरतं, मग सवय होते. नव्या कार्डावर पन्नास हजार घालण्याआधी हे करून बघा. आणि सेकंदाला साठ फ्रेमच्या (चित्रांच्या) मागे लागू नका, एकसारख्या तीस मिळाल्या तर छान उतरता येतं, मोठ्या शहरावर आला की अडखळणारे साठ काय कामाचे, तो नेमका जमिनीपासून वीस फुटांवरच अडखळतो.

आता जरा कटू लिहितो. लेखात एका चौकटीत म्हटलंय की घरच्या सिम्युलेटरचे तास पुढे "उपयोगी पडतात". या एका शब्दावर कितीतरी पालक फसतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या वडिलांकडून एका क्लासवाल्याने "सिम्युलेटर अवर्स"चं पॅकेज म्हणून भरपूर पैसे घेतले, सर्टिफिकेट पण दिलं, सोनेरी बॉर्डरचं. नंतर फ्लाइंग स्कूलमध्ये दाखवलं तर त्यांनी ते हसून परत दिलं. कमर्शियल लायसन्सला डीजीसीएचे (देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे) दोनशे तास लागतात, प्रायव्हेटला चाळीस, आणि त्यात सिम्युलेटरचे जे थोडे तास धरतात ते मान्यता मिळालेल्या यंत्रावरचे, मान्यता मिळालेल्या संस्थेतले. तुमच्या-माझ्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर हजार तास केले तरी लॉगबुकात एक मिनिट चढत नाही. एक्स-प्लेनची व्यावसायिक आवृत्ती अमेरिकेत मान्यता असलेल्या यंत्रांमध्ये वापरतात हे खरंय, पण मान्यता त्या अख्ख्या यंत्राला असते, घरी घेतलेल्या प्रतीला नाही. कृपया ही दुरुस्ती छापा, बाकी काही नाही छापलं तरी चालेल.

मग घरी कशाला बसायचं, असं बहीण मला चिडून म्हणालीच होती. उपयोग आहे, पण तो तासांत नाही. चेकलिस्ट तोंडपाठ होते, फ्युएल सिलेक्टर कुठे, मॅग्नेटो कसे तपासायचे, मिक्श्चर कधी मागे घ्यायचं, हे घरी विजेच्या बिलात शिकता येतं, तिथे इंजिन चालू ठेवून शिकायला तासाचे हजारो रुपये जातात. ढगात नुसत्या घड्याळांवर उडणं हे तर सिम्युलेटरचं मूळ कामच. अमेरिकेतल्या एड लिंक या तरुणाने १९२९ मध्ये पहिला ट्रेनर बनवला, त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता, तर त्याने ऑर्गनचेच भाते वापरून ती लाकडी डबी डोलवली. आपल्या पेटीला भाता असतो ना तोच प्रकार. गंमत बघा, त्याच वर्षी फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना भारतातलं पहिलं पायलटचं लायसन्स मिळालं. लिंकचा डबा सुरुवातीला कुणी फारसा घेईना, जत्रेतला खेळ म्हणून चालायचा. १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराचे वैमानिक खराब हवेत टपाल नेताना एकामागून एक पडले तेव्हा त्यांनी सहा विकत घेतले. त्या डब्यात बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, झाकण बंद करून नुसती घड्याळं, आणि तरी महायुद्धातले हजारो वैमानिक त्यावरच शिकले. ढगांच्या चमकेवर पानभर लिहिणाऱ्यांनी हे पण एकदा लिहावं.

आणि रेडिओ. भाचीची सगळ्यात जास्त घाबरगुंडी तिथे उडायची. कंट्रोलर भराभर बोलतो, आपण परत म्हणून दाखवायचं, मधेच शब्द विसरला की घशाला कोरड. व्हॅटसिम नावाचं जाळं २००१ पासून चालू आहे, फुकट आहे, तिथे कंट्रोलर पण आपल्यासारखे हौशीच, पण बोलणं खऱ्यासारखं शिस्तीत. पहिले आठ-दहा दिवस ती नुसती ऐकायची. मग एक दिवस माझ्या देखत तिने मुंबईला पुशबॅक, म्हणजे विमान मागे ढकलायची परवानगी, मागितला, बटण दाबलेला अंगठा पांढरा पडला होता, आणि तिकडून उत्तर आल्यावर तिने वहीत लिहून घेतलेलं जसंच्या तसं वाचलं. पुढे आरटीआरच्या, म्हणजे विमानातला रेडिओ वापरायच्या लायसन्सच्या, परीक्षेला तिला या सवयीचा पेडलपेक्षाही जास्त फायदा झाला असं ती म्हणते, मी काय बोलणार.

तर लेखातल्या "एक लाखात तयार कॉकपिट" या चौकटीऐवजी माझा हिशोब असा असेल. घरात आहे त्या कॉम्प्युटरवर पहिला महिना फ्लाइटगियर आणि एक्स-प्लेनचा डेमो, एक रुपया खर्च न करता, जॉयस्टिक कुणाकडून तरी मागून आणा. महिन्यानंतरही पोरगं रोज बसत असेल तर दांडी आणि पेडल घ्या, पेडल आधी घेतली तरी चालतील. मग सिम्युलेटर विकत घ्या, नेट चांगलं असेल आणि विंडोजची तगडी मशीन असेल तर मायक्रोसॉफ्टचा, नाहीतर एक्स-प्लेन. मशीन अगदीच जुनी असेल तर एफएसएक्सची २०१४ मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानात परत आलेली आवृत्ती अजून चालते, तिला हसू नका, तिच्यातला वारा आजही आडवा वाहतो आणि पेडल लावली की पाय दुखवतो. विकतची विमानं, विकतचे विमानतळ यांचं दुकान कायम उघडं असतं, तिथे सहा महिने जाऊच नका. फ्लाइटचं प्लॅनिंग करायला लिटल नॅव्हमॅप आणि सिमब्रीफ दोन्ही फुकट आहेत.

भाचीचं पहिलं सोलो, म्हणजे एकटीने केलेलं उड्डाण, झालं मागच्या हिवाळ्यात. त्या दिवशी तिने मला एकच फोटो पाठवला, तिच्या बुटाचा, उजव्या पायाचा, तळ पुढून झिजलेला.

पुढच्या वेळी चौकटीत रडर पेडलचा एक फोटो टाका, आमच्याकडचा पाठवतो हवा तर, पायपुसण्यासकट. आणि तो गळ्यात पट्टा अडकवलेला मुलगा मॉडेल विमानांवरच्या लेखासाठी राखून ठेवा, तो लेखही लिहायला मी तयार आहे.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक रोड